चौथ्या गाण्यातली कुरकुर

रेकॉर्ड छापायच्या त्या कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. साहेब तिच्याहून दोन वर्षांनी मोठे, पण तेही मावशीच म्हणायचे. तिचं काम एका वाक्यात सांगता येण्यासारखं होतं, तरी ऐकणाऱ्याला ते खरं वाटायचं नाही. ती रेकॉर्डी ऐकायची. नवा साचा तयार झाला की त्यातून निघालेली पहिली रेकॉर्ड तिच्या खोलीत यायची. खोलीत एक खुर्ची, एक टेबल, दोन स्पीकर आणि आवाज आत येऊ न देणाऱ्या जाड भिंती. दोन्ही बाजू दोनदा ऐकायच्या, कुठे खरखर, टकटक, गचका आहे का ते शोधायचं आणि कागदावर शिक्का मारायचा, पास किंवा नापास. तिचा शिक्का पडल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे. एकतीस वर्षांत तिने पास केलेल्या एकाही रेकॉर्डीत कुणाला खोट सापडली नव्हती.

"नुसतं बसून गाणी ऐकायची! आम्हालाही द्या की अशी नोकरी," छापायच्या यंत्रावरचा प्रेसवाला दर आठवड्याला म्हणायचा.

"ये, बस. पण गाणं ऐकायचं नाही हां. गाणं सोडून बाकीचं सगळं ऐकायचं."

हे ती थट्टेने म्हणत नसे. गाण्यात जीव अडकला की कान फितूर होतो, हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं. म्हणून रेकॉर्ड सुरू झाली की ती मनात पाढे म्हणायची. मन पाढ्यात गुंतायचं आणि कान मोकळे राहायचे. गाणं संपलं की पाढा कुठवर आला ते कागदाच्या कडेला लिहायची, म्हणजे मधे लक्ष सुटलं का ते कळायचं. ही युक्ती तिच्या थोरल्या बहिणीची. ताई गणिताची शिक्षिका. निवृत्त झाली होती, पण घरात अजून वर्ग चालायचा आणि विद्यार्थिनी एकटी मावशी.

त्या वर्षी एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा पहिलाच अल्बम कारखान्यात आला. मावशीने ऐकला, पास केला, आणि छापलेल्या आठ हजार प्रती बघता बघता संपल्या. कॅन्टीनमधला रेडिओ दुसरं काही लावेना. चार महिन्यांनी बातमी आली की अल्बम आणखी तीन देशांत निघणार आणि तिन्हीकडच्या रेकॉर्डी इथेच छापायच्या. प्रत्येक देशाचं कव्हर वेगळं, शेवटी एक जादा गाणं, आणि त्यासाठी नव्याने साफसूफ केलेली टेप.

पहिल्या देशाची रेकॉर्ड मावशीने लावली. एकोणतिसाचा पाढा धरला. पहिल्या बाजूचं शेवटचं, चौथं गाणं संपलं आणि ती दचकली. जिन्यात अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि एकदम जमीनच लागावी, तसं झालं. खरखर नव्हती, गचका नव्हता. काहीतरी असायला हवं होतं, ते नव्हतं.

तिने सुई उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा तेच. मग बाहेरच्या कपाटातून चार महिन्यांपूर्वीची, आपल्या देशात निघालेली रेकॉर्ड काढली आणि तेच गाणं लावलं. शेवटचा शब्द विरला आणि त्यामागून अगदी बारीक आवाज आला. कुर्रर्र. जुन्या लाकडावरून कुणी उठावं तसा.

तिने तेव्हाचा कागद शोधला. शिक्का पास, सही तिचीच. कडेला लिहिलं होतं, 'चौथं गाणं : सतरा पंचे'. पुढे काहीच नाही, दोन्ही वेळा ऐकूनही. सतरा पंचे पंच्याऐंशी तिला झोपेतही येत होतं.

जेवताना तिने ताईला सगळं सांगितलं.

"नवीन रेकॉर्ड स्वच्छ आहे ना? मग पास कर आणि गप्प बस," ताई म्हणाली.

"पण तो आवाज मुद्दाम ठेवला असेल तर? मग या रेकॉर्डीतून तो गळलाय. म्हणजे ही नापास."

"आणि मुद्दाम नसेल तर?"

"तर मी नापास."

ताईने घास तसाच हातात धरला. "कुणी तक्रार केलीय?"

"कुणीच नाही. पण ताई, तो आवाज आहे तरी कसला?"

"एकतीस वर्षांचं नाव पणाला लावशील आणि ते कशासाठी, तर कुरकुर कसली ते कळावं म्हणून!"

दुसऱ्या दिवशी साहेबही तेच म्हणाले, फक्त जरा जोरात. "मावशी, आपण होऊन पायावर धोंडा का मारून घेताय?"

"तुम्ही अल्बमच्या कंपनीला विचारा. तोवर माझा शिक्का पडणार नाही."

यंत्र दोन दिवस थांबलं. प्रेसवाला येता-जाता तिच्या दाराशी कुर्रर्र करून जायचा. तिसऱ्या दिवशी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि फोन हातात दिला. पलीकडे ती मुलगी स्वतः होती.

"कुरकुर ऐकणाऱ्या मावशी तुम्हीच का?"

"मीच. कसली गं ती?"

मुलगी खळखळून हसली. "आमच्या घरचा पलंग! ते गाणं मी माझ्या खोलीतच रेकॉर्ड केलं होतं. शेवटचा शब्द म्हटला आणि उठले, टेप चालूच. काढून टाका म्हणून सांगितलं होतं, पण राहून गेलं. या वेळी आठवणीने काढायला लावलं."

"म्हणजे मुद्दाम नव्हता ठेवला?"

"छे हो! आठ हजार लोकांनी माझा पलंग ऐकला असेल! पण मावशी, सगळे म्हणतात तुमच्या कानातून काही सुटत नाही. मग हा कसा सुटला?"

साहेब समोर बसून टेबलावरचे कागद उगाच सारखे करत होते. साचा नवा होता, यंत्र तापलं होतं, असं काहीही सांगता आलं असतं.

"मी गाणं ऐकत बसले," मावशी म्हणाली.

"चौथं?" मुलीने विचारलं.

"चौथं. आई दारात उभी असते आणि मुलगी पिशवीत काय भरायचं राहिलं ते मोजत असते, ते. त्यात पाढा विसरले."

"पाढा? म्हणजे... हे चांगलं की वाईट?"

"माझ्या कामाला वाईट. बाकी तुझं तू बघ."

खोलीत परतून तिने नव्या रेकॉर्डीच्या कागदावर पासचा शिक्का मारला आणि प्रेसवाल्याला हाक दिली. मग जुना कागद पुढे ओढला, पास खोडलं, शेजारी नापास उमटवलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'ऐकणारी गाण्यात गुंतली.' साहेबांनी कागद दोनदा वाचला. "एकतीस वर्षांत एक. मोठी खोटच आहे बुवा," असं म्हणून त्यांनी खाली सही केली. "उद्या दुसऱ्या देशाची रेकॉर्ड येतेय. वेळेवर या."

संध्याकाळी ती कपाटातली ती जुनी रेकॉर्ड साहेबांकडून मागून घरी घेऊन आली. ताईला समोर बसवलं, चौथं गाणं लावलं. "शेवटाकडे लक्ष ठेव. अगदी बारीक आहे."

गाणं संपलं. सुई रिकाम्या रेघेत फिरत राहिली. ताईने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला.

"कुठे होती गं कुरकुर? मला नाही ऐकू आली."

मावशीने सुई उचलली आणि पुन्हा चौथ्या गाण्याच्या सुरुवातीला ठेवली. या वेळी तिनेही पाढा धरला नाही.