आत्याआजीचा अंगठा

मुलांनो, तुमच्या बाबांनी तुमच्या आजोबांच्या आठवणींची एक पुस्तिका छापायची ठरवली आहे आणि माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. 'त्यांचा मोठेपणा येऊ दे, आई,' असं फोनवर सांगितलं. मोठेपणावर लिहायला गावात पुष्कळ लोक आहेत. मी हे तुमच्यासाठी वेगळं लिहिते आहे, आणि आताच लिहिते आहे, कारण पुस्तिका एकदा छापली की तीच खरी धरली जाईल. तुम्हाला मराठी नीट वाचता येत नसेल तर बाबांनी वाचून दाखवावं. सगळं, काही न गाळता. ही अट का, ते पुढे कळेल.

दुसरबीडजवळच्या आमच्या गावात तुमचे आजोबा शहाणे समजले जात. लग्नात, तंट्यात त्यांना पुढं बसवत. पंधरा ऑगस्टला माझ्या शाळेत झेंड्याखाली उभं राहून ते 'मुलगी शिकली पाहिजे' यावर बोलत. दरवर्षी तेच भाषण, त्याच जागी तेच खाकरणं. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, इंग्रजीतून पदवी घेतलेली, रविवारी कपाशीच्या वेचणीवर बायकांबरोबर उभी राहणारी. मुलांसोबत मीही टाळ्या वाजवत असे. आज त्याची लाज वाटते.

त्यांना एकच मोठी बहीण, तुमची आत्याआजी. चिखलीच्या बाजूला दिलेली. शाळेची पायरी तिनं कधी चढली नव्हती. एका उन्हाळ्यात ती माहेरी आली तेव्हा पापड लाटता लाटता मी तिला पोळपाटावरच्या पिठात बोटानं स्वतःचं नाव काढायला शिकवलं.

'मास्तरीण, तुह्या या अक्षराले शेपूट काऊन हाये?' असं विचारायची, आणि मुद्दाम शेपूट उलटं काढून हसायची.

सुट्टी संपेपर्यंत तिला नाव आलं. वाचता एक शब्द येत नव्हता. पण सही आली की माणूस साक्षर, असं तेव्हा सरकार धरत असे, आणि मी सरकारचीच नोकर. मला तेवढं पुरलं.

शाळा उघडली त्याच आठवड्यात आजोबा तिला जीपमध्ये बसवून तालुक्याला घेऊन गेले. मी वर्गात होते. माझे सासरे, म्हणजे तिचे वडील, वारले होते; जमिनीवर वारसांची नावं लावायची आहेत, सही लागते, एवढंच तिला सांगितलं. ती नवं लुगडं नेसून गेली.

त्या दिवशी जेवताना आजोबा खुशीत होते.

'तुही शाळा कामी आली,' म्हणाले. 'कारकुनानं इचारलं, अंगठा का सही? अंगठा म्हटलं असतं तर साराच्या सारा कागद वाचून दाखवा लागला असता. म्या म्हटलं, सही. आमच्या घरी मास्तरीण हाये.'

मी कागद मागून घेतला. ते हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं भावाला सोडते, असं तिच्या तोंडी घातलेलं, आणि खाली माझ्या वळणाची ती सही, शेपटासकट.

'त्यांना वाचून दाखवलं का?'

'वाचून काय करायचं? मागतलं असतं तरी तिनं सोडलंच असतं. साऱ्याच बहिणी सोडतात.'

'मग मागायला काय झालं होतं?'

त्यांनी कढी वाढायला सांगितली. मी वाढली. हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद आत्याआजीला वाचून दाखवला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती ऐकत होती.

'मले वाटलं,' ती म्हणाली, 'नाव लिवलं म्हणजे नाव लागलं.' मग पदर सोडवत, 'भावाले काही बोलू नको, मास्तरीण. माहेर तुटंल माहं.'

मी बोलले नाही. माझ्या त्या गप्प बसण्याला घरात समजूतदारपणा म्हणत.

तिचा नवरा लवकर गेला. ती लोकांच्या वावरात निंदायला जाई आणि तिच्या वाट्याचं नाल्याकाठचं काळं वावर आम्ही पेरत असू. त्यातला गहू मी खाल्ला, तुमच्या बाबांनी खाल्ला. भाऊबीजेला आजोबा तिला लुगडं देत. ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा.

तिनं मात्र पुन्हा कधी सही केली नाही. बँकेत, रेशनच्या दुकानात, सगळीकडे अंगठा. दुकानदार म्हणे, 'तुम्हाले तर सही येत होती ना?' 'इसरली,' म्हणे.

आजोबा गेले आणि वाटणी झाली, तेव्हा नाल्याकाठचं वावर मी माझ्या नावावर मागून घेतलं. म्हातारीचा मातीत जीव अडकला आहे, असं तुमच्या बाबांना वाटलं. या उन्हाळ्यात मी त्याचं बक्षीसपत्र आत्याआजीच्या नावे केलं. अशा कागदावर घेणाऱ्याचीही सही लागते. कारकुनानं पेन पुढं केला.

'मी अंगठा लावते,' ती म्हणाली.

'ताई, सही येते की तुम्हाला,' मी म्हटलं.

'येते. पण अंगठा म्हटला का त्याले वाचा लागते ना? वाचू दे.'

कारकुनानं घड्याळाकडं पाहिलं आणि वाचायला घेतलं. वावराच्या चार बाजू आल्यावर तिनं त्याला थांबवलं.

'पूर्वेले काय म्हटलं?'

'नाला, आजी.'

'बरोबर हाये. वाच पुढं.'

शेवटपर्यंत ऐकून मगच तिनं अंगठा शाईत बुडवला.

तुमचे बाबा म्हणतात, मी आजोबांच्या नावाला बट्टा लावला आणि तुमच्या वाट्याचं देऊन टाकलं. ते तुमच्या वाट्याचं कधीच नव्हतं. बाकी पुस्तिकेत झेंड्याखालचा फोटो अवश्य छापा. त्यात ते उंच दिसतात.

आत्याआजी आता माझ्याजवळ राहते. नाल्याकाठचं वावर सातबाऱ्यावर तिच्या नावानं आहे, आणि यंदा त्यात तूर उभी आहे.