कोणत्याही वर्गात चालेल

भिलाईच्या आमच्या सेक्टर ६ मध्ये माझी ओळख माझ्या नोकरीपेक्षा वेटिंग तिकिटांमुळे अधिक आहे. मी इथल्या पोलाद कारखान्याच्या वाहतूक विभागात काम करतो आणि रायपूरच्या रेल्वे कार्यालयात माझा एक शाळासोबती आहे. प्रत्येक गाडीत थोड्या जागा तातडीच्या प्रवाशांसाठी राखलेल्या असतात. त्यासाठीचा अर्ज वेळेत योग्य टेबलावर पोहोचला, तर वेटिंगचे तिकीट कन्फर्म होऊ शकते. शेजाऱ्यांच्या सासऱ्यांना तपासणीसाठी नागपूरला न्यायचे असो, की जवळच कोहक्याला राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरचे लग्न असो, लोक तिकीट घेऊन माझ्या दारात येतात आणि मी अर्ज लिहून देतो. त्याचा मजकूर ठरलेला आहे. कारण अत्यावश्यक आहे. कोणत्याही वर्गात चालेल. कृपया कन्फर्म करून उपकृत करावे. हा मजकूर माझ्या हातात इतका बसला आहे की लिहिताना विचार करावा लागत नाही. गेल्या वर्षी नेमके तेच घडले.

आमची मुलगी तेव्हा बारावीत होती. भिलाईत बारावीचे मूल म्हणजे कोचिंगचे मूल. आमच्या मुलीने मात्र अकरावीतच कोचिंग सोडले होते. बहिणीच्या घरामागे एक तलाव आहे. तिथले पाणी बाटलीत भरून आणायचे, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे आणि त्यात दिसणाऱ्या शेवाळाची चित्रे काढायची, हा तिचा नाद आठवीपासूनचा. गोड्या पाण्यात काय जगते आणि ते कशामुळे मरते, याचाच अभ्यास करायचा असे तिने मनाशी ठरवले होते, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या एका फार मोठ्या विद्यापीठात अर्ज केला होता. त्या विद्यापीठाचे नाव मी इथे लिहीत नाही. ते नाव उच्चारले की आमच्याकडचे लोक आधी हसत आणि मग माझ्याकडे निरखून पाहत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

"चान्स किती आहे?" अर्ज गेला त्या संध्याकाळी मी तिला विचारले.

"सांगता येत नाही, बाबा."

"अंदाजे तरी?"

"वो लोग कट-ऑफ निकालते ही नहीं. मार्क पाहतात, निबंध पाहतात, शिक्षकांची पत्रं पाहतात, आणि मग त्यांचं ते ठरवतात. दुनियाभरातून पोरं अर्ज करतात. त्यात आपण फीची मदत मागितली आहे, म्हणजे अजून कठीण."

"म्हणजे रँक लागत नाही?"

"नाही."

माझी पत्नी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "मंग घेतात कशावरून? चेहरा पाहून?"

मुलगी हसली, पण मी हसू शकलो नाही. ज्या परीक्षेला रँक नाही, तिच्यासमोर कसे उभे राहायचे हे मला कोणी शिकवले नव्हते. मुलीला मात्र त्या अनिश्चिततेचे भय वाटत नसे. शंभरातल्या कितीजणांना घेतात हे ती जाणून होती आणि तरीही शांतपणे बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. तिच्या त्या शांतपणाला मी त्या वेळी अजाणतेपण समजलो.

मार्चच्या अखेरीस विद्यापीठाचा निकाल लागला. तो आपल्याकडे पहाटे येतो, पण ती नेहमीच्या वेळी उठली, दात घासले, चहा घेतला आणि मग संगणक उघडला. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. तिने एकदा वाचले, पुन्हा वाचले आणि म्हणाली, "वेटलिस्ट."

मला जो आनंद झाला, त्याची आज लाज वाटते. 'नाही' हा शब्द मी गृहीत धरला होता, आणि 'वेटिंग' हा तर माझ्या रोजच्या वापरातला शब्द. वेटिंग म्हणजे गाडीत नाव लागलेले आहे, फक्त बर्थ मिळायची बाकी आहे. मी स्कूटर काढली, सेक्टरच्या बाजारात गेलो आणि पेढे घेऊन आलो.

"पेढे कावून आणले?" मुलीने विचारले. "बाबा, हा होकार नाही आहे."

"नकार पण नाही ना?"

"ज्यांना घेतलं त्यांच्यातले काही आले नाहीत, तरच ते या यादीकडे पाहतील. यादीत नंबर नसतो. कधी कधी एकालाही घेत नाहीत."

"नंबर नसतो असं कसं होईल?"

एवढ्यात शेजारचे गृहस्थ पेढ्याचा डबा पाहून आत आले.

"कितना वेटिंग है, भाईसाहब?"

"नंबर नहीं दिया."

"अरे, तो जनरल में भेज दीजिए!" स्वतःच्या विनोदावर ते खळखळून हसले, दोन पेढे उचलले आणि जाताना म्हणाले, "आपकी बेटी का तो हो ही जाएगा. ये तो आप ही का काम है."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात राहून गेले.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका लहान कॉलेजचा होकार आला. त्याचे नाव आमच्यापैकी कोणी ऐकलेले नव्हते. ते एका सरोवराच्या काठावर होते आणि फीचा बहुतेक भार उचलायला तयार होते. मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत त्यांना उत्तर द्यायचे होते. मुलीने त्यांना होकार कळवला आणि मोठ्या विद्यापीठाच्या यादीतही नाव ठेवले. हे मला ताबडतोब पटले. पहिले तिकीट रद्द न करता दुसऱ्याची वाट पाहायची, ही माझ्याच व्यवहारातली गोष्ट होती. त्या संपूर्ण प्रकरणात माझी समज बरोबर ठरली ती इथेच.

त्यानंतर एका दुपारी, कार्यालयातली गर्दी ओसरल्यावर, मी त्या विद्यापीठाला ईमेल लिहिला. माझ्या दृष्टीने मी नवीन काहीच करत नव्हतो. परक्यांसाठी जे इतकी वर्षे केले, ते स्वतःच्या मुलीसाठी करत होतो. मी माझे पद लिहिले, सेवेची वर्षे लिहिली. कारखान्यातल्या एका निवृत्त मोठ्या साहेबांची सही असलेले शिफारसपत्र जोडले. साहेबांनी माझ्या मुलीला कधी पाहिलेले नव्हते. इंग्रजी माझे कामापुरते आहे, त्यामुळे मजकूर आपोआप नेहमीच्या साच्यात उतरत गेला. शेवटी 'काइंडली कन्फर्म अँड ओब्लाइज' लिहून मी तो पाठवून दिला. घरी सांगितले नाही. काम झाल्यावरच सांगायचे, असा माझा नेहमीचा रिवाज होता.

उत्तर दोन दिवसांत आले आणि ते मुलीला आले, माझ्या मजकुरासह. भाषा अत्यंत सभ्य होती. यादीतील विद्यार्थ्यांविषयी आम्ही फक्त विद्यार्थ्यांकडूनच ऐकू इच्छितो, असे त्यांनी लिहिले होते.

मी कामावरून परतलो तेव्हा ती व्हरांड्यात बसली होती. तिने आवाज चढवला नाही. आमच्या घरात कोणाचाच आवाज चढत नाही, आणि त्यामुळे बोललेले लवकर विसरताही येत नाही.

"बाबा, तुम्ही लिहिलं की मला कोणताही विषय चालेल?"

मला प्रथम आठवेचना.

"कोणताही विभाग, कोणताही विषय, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. असं लिहिलं आहे तुम्ही."

"तसं लिहावं लागतं बेटा. त्यानं चान्स वाढतो."

"मी निबंधात काय लिहिलं होतं, माहीत आहे? की मला फक्त हेच शिकायचं आहे. इतके वर्ष एकच तलाव पाहून राहिली मी. और आपने लिख दिया, कुछ भी चलेगा."

माझी पत्नी दारात येऊन उभी राहिली होती. ती मला म्हणाली, "ती काय बर्थ मागून राहिली का तुमाले? खालची नाही तर वरची?"

मी कपडे न बदलता बराच वेळ तिथेच बसलो. वर्ग कोणताही चालेल, हे वाक्य मी आयुष्यभर इतरांच्या वतीने लिहीत आलो होतो, आणि ज्याला आजारी माणूस घेऊन आज रात्रीच नागपूर गाठायचे आहे, त्याच्यासाठी ते खरेही होते. माझ्या मुलीच्या बाबतीत ते खोटे होते. ते खोटे आहे हे मला कळायला हवे होते. मी तिला बाटल्या आणून दिल्या होत्या, स्कूटरवरून कोहक्याला नेले होते. पण ती पाण्याकडे वाकलेली असताना मी बहिणीच्या अंगणात चहा पीत वर्तमानपत्र वाचत बसे. तिचे काय चालते हे मी कधी विचारले नव्हते. पोहोचणे हीच गोष्ट मला इतकी मोठी वाटत होती की ती कुठे जात आहे, याची मी चौकशीच केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "माझं चुकलं. मी त्यांना माफीचा मेल लिहितो."

ती घाईघाईने म्हणाली, "नको, नको! बाबा, प्लीज. तुम्ही आता काहीच लिहू नका."

मग तिला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसले असावे. "रविवारी मला आत्याकडे घेऊन चला," ती म्हणाली. "आणि या वेळी चहाला बसू नका."

त्या रविवारी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तलावात उतरलो. उन्हाळ्याने पाणी खूप आत गेले होते. कडेचा चिखल वाळून भेगाळला होता. बाटली कुठे बुडवायची, तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, हे ती सांगत होती आणि मी तसे करत होतो. पाणी आटत आले की एका जातीचे शेवाळ दुसऱ्याला कसे हटवते, हे तिने मला समजावले. मला त्यातले अर्धेमुर्धे कळले. काठावरून माझी बहीण ओरडली, "दादा, या वयात नोकरी बदलली काय?"

घरी येऊन मुलीने विद्यापीठाला स्वतःचे पत्र लिहिले, एक पानभर. अर्ज पाठवल्यानंतर तलावात काय बदलले ते तिने त्यात लिहिले, आणि शेवटी एक ओळ माझ्याविषयी. ती तिने मला वाचून दाखवली: माझ्या वडिलांनी काळजीपोटी लिहिलेल्या पत्रातली विषयाबद्दलची गोष्ट माझी नाही, माझा विषय तोच आहे.

"काळजीपोटी हे राहू देऊ ना?" तिने विचारले.

मी मान डोलावली.

जूनमध्ये त्यांनी यादी बंद केली. तिला घेतले नव्हते. माझ्या पत्राने नुकसान केले का, हे मला कधीच कळणार नाही. मी तिला एकदा विचारले. ती म्हणाली, "नाही हो बाबा. त्यांनी यंदा त्या यादीतून फारच थोडे घेतले." ते खरे असेल. माझ्यावरच्या दयेने म्हटले असेल, तर ती दयाही मी स्वीकारली आहे. निकाल वाचून ती थोडी रडली, मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "तिथे पुढच्या शिक्षणाला पण घेतात. चार वर्षांनी परत विचारीन त्यांना." चान्स किती, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी तो विचारला नाही.

जुलैमध्ये लहान कॉलेजच्या एका प्राध्यापिकेने तिच्याशी व्हिडिओवर बोलणे ठेवले. मुलीने आम्हा दोघांनाही शेजारी बसवले. पत्नीने चांगली साडी नेसली होती. प्राध्यापिका पिकल्या केसांच्या, हसऱ्या होत्या. त्यांनी तलावाविषयी इतके विचारले की दोघी बोलता बोलता आम्हाला विसरूनच गेल्या.

"काय म्हणून राहिली ती बाई?" पत्नीने मला कोपराने ढोसले.

"म्हणतात की त्यांच्याकडचं सरोवर थंडीत गोठतं. मग त्याच्यावरून चालत मध्यापर्यंत जायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि खालचं पाणी काढायचं. हिलाही नेतील."

"म्हंजे पाण्यावरून चालंल आपली पोरगी?" तिने पडद्याकडे निरखून पाहिले. मग म्हणाली, "सांगा त्यांले, तिले सर्दी लवकर होते."

मी तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मुलीकडे पाहिले. तिने आईचे बोलणे ऐकले होते. हसू आवरत तिने ते स्वतःच इंग्रजीत सांगितले. पलीकडे प्राध्यापिका मोठ्याने हसल्या आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन, आईकडे पाहत, लोकरीच्या मोज्यांविषयी काहीतरी सविस्तर सांगू लागल्या.