पन्नास किलोचा नियम

शेठ लोक मॅडमच्या केबिनमधून चहा पिऊन निघाले, तेव्हा मीटिंग सुरूच व्हायची होती. मी समजलो, आपलं काम बिघडलं.

मी अकोल्याच्या धान्य यार्डातला हमाल. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, हे काम. आमचं मागणं एकच: पोतं पन्नास किलोचं करा. नियम अमरावतीच्या सरकारी ऑफिसात या मॅडम बनवून राहिल्या होत्या, म्हणून संघटनेनं मले पाठवलं. बायको नुकतीच वारली होती. रोज मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून माझी कंबर शेकायची. "तेवढा नियम करून आणा," म्हणे.

अडत्यांचे अध्यक्ष असलेले शेठ मॅडमले म्हणाले, "बारदाना दुप्पट लागंल. रिकामे पोते आणावं कुठून? औंदा राहू द्या."

"बारदाना भेटते शेठ, कंबर भेटत नाही."

"काका, तुमी तं आता वर्षा-दोन वर्षांत घरी बसान. तुमाले काय करायचं?"

मॅडम ऐकत होत्या. लिहीत काही नव्हत्या. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मले म्हणाल्या, "काका, त्यांच्यासाठी सकाळपासून मुंबईहून फोन येतायत. तुमच्यासाठी एकही नाही. मी वर काय सांगू?"

मुंबईत माझं कोण? मी यार्डात रामदासले फोन लावला. तो आमचा मुकादम.

"पोते खाली ठेवा."

"भाऊ, सोयाबीन उघड्यावर आहे. आभाळ भरून आलं. शेतकरी मारतीन आपल्याले."

"मी सांगतो तवा उचला."

मीटिंग पुन्हा बसली. आधी शेठचा फोन वाजला, मग त्यांच्या बाजूवाल्याचा.

"हे काय लावलं, काका?"

 मग मॅडमचा वाजला. त्या उभ्या राहिल्या. "हो सर. हो सर." बसल्यावर म्हणाल्या, "पन्नास किलो. नक्की." मग शेठकडे पाहून, "लागू पुढच्या हंगामापासून."

"पुढच्या काहून?" मी विचारलं.

"फोन दोन्हीकडून आले, काका."

मी रामदासले सांगितलं, उचला. तोवर पाणी सुरू झालं होतं. बरेच ढीग भिजले. शेतकऱ्यांनी रामदासची कॉलर धरली. त्यांच्यातल्या कोणाले मीटिंगले बोलावलंच नव्हतं. आमीही नाही, शेठनंही नाही.

वजन आमचं ठरलं, तारीख शेठची ठरली, माल भिजला तिसऱ्याचा. नियम असाच बनते.

तो हंगाम मी क्विंटलचंच पोतं उचललं. मीठ आता मीच तापवतो. कमरेच्या मधोमध हात पोचत नाही.