वर्तुळाखालचं नाव

इरा, नील — हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना सांगता आलं असतं, ते तेव्हा होते, त्यांनाही नाही. आज लिहिते आहे, कारण रविवारी व्हिडिओ कॉलवर इरा म्हणाली, "आजी, फोन आपले सगळे फोटो गुपचूप तपासतो, त्यावर मी कॉलेजसाठी निबंध लिहितेय. सुधाआत्याचं उदाहरण घेऊ? नाव बदलून?" मी हो म्हणाले. आणि फोन ठेवल्यावर — हे काय केलं मी? आता ती गोष्ट कागदावर जाणार, खरी म्हणून.

घरात ती अशी सांगतात. सुधाने अकोल्याहून तिचा जुना फोन मला अमरावतीला आणून दिला. त्यातलं स्वतःचं खातं काढायला ती विसरली, म्हणून तिचे नवे फोटो माझ्याकडे येत राहिले. फोनने त्यातले चेहरे ओळखले, एक फोटो आपणहून माझ्यासमोर आणून ठेवला, आणि माझ्या हातून तो चुकून तुमच्या बाबांना गेला.

फोन चेहरे तपासतो, हे खरं आहे. न विचारता तपासतो. एकेका माणसाचे फोटो वेगळे काढतो, प्रत्येकाचा चेहरा एका वर्तुळात बसवतो, खाली नावासाठी जागा ठेवतो. इरा, तुझी भीती खरी आहे. ती जरूर लिही. पण —

पण मला तो कारभार आवडला होता. माझी सवय तुम्हाला माहीत आहे; मसाल्याच्या प्रत्येक डब्यावर माझी चिठ्ठी असते. मी वर्तुळांखाली नावं लिहीत गेले. सुधा. इरा. नील. एका वर्तुळाखाली मात्र जागा रिकामी राहिली. दाढीत पांढरं डोकावणारा, हसरा माणूस. तो कोण, हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. सुधाच मला अकोल्यात त्याच्या दुकानात घेऊन गेली होती. माझ्या नाकावर चष्मा बसवून तो म्हणाला होता, "मावशी, आता सुईत दोरा ओवून दाखवा. नाई ओवला तं चष्मा वापस — अन् सुई माही!" मी खळखळून हसले होते. दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव मराठीत होतं, उर्दूतही होतं.

त्याने करून दिलेल्या चष्म्यातूनच मी त्याचे फोटो पाहिले. चुकून? नाही. रोज दुपारी, तुमच्या आजोबांचा डोळा लागला की. फोनने मला काहीही आणून दाखवलं नाही. मी शोधत होते.

सुधा अडतिसाव्या वर्षी एकटी पडली, हे तुम्ही जाणता. एका फोटोत तो तिच्या ओट्याशी उभा राहून अंबाडीची भाजी निवडतो आहे, आणि ती — कितीतरी वर्षांनी — दात दिसतील इतकी हसते आहे. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. आई ना मी तिची? मग आनंद का नाही झाला? मला आधी आठवले ते आमच्या गल्लीतले लोक.

जन्मभर मी पुढारलेली म्हणून मिरवले. इंग्रजी शिकलेली, जातपात न मानणारी. 'नाही' हा शब्द माझ्या तोंडी शोभला नसता. म्हणून तो तुमच्या बाबांकडून म्हणवून घेतला. ते काय बोलतील, मला ठाऊक होतं. फोटो मी निवडला, मी पाठवला, आणि मग फोन करून म्हणाले, "अरे, हे बघ काय आलं या फोनवर, आपोआप!" त्यांनी सुधाला बजावलं — त्याच्याशी लग्न केलंस तर बहीण-भावाचं नातं संपलं. त्यांना दोष देऊ नका. मी सुधाला काय सांगितलं? "माझी काही हरकत नाही."

ती अकोल्याहून आली, माझ्याजवळ बसली. म्हणाली, "चूक माहीच हाय, आई. खातं काढाचं रायलं माह्याकडून. तुले उगाच तरास झाला."

माझी माफी मागितली तिने. आणि मी? "जाऊ दे व बाई," म्हणाले. मी तिला क्षमा केली.

ते लग्न झालं नाही. त्यानंतर सुधा कोणत्याही फोटोत नाही. नील, तू विचारतोस ना — फोटो काढायचा म्हटलं की आत्या चहा ठेवायला का उठते?

याची प्रत सुधाला सकाळीच पाठवली, तुमच्या आधी.

तो जुना फोन माझ्या कपाटात आहे. चार्ज केला की सुरू होतो. त्याचं वर्तुळ तिथेच आहे. रिकामी जागा मला फार दिवस बघवली नव्हती, म्हणून शेवटी खाली मी लिहिलं होतं — 'चष्मेवाला'. त्याचं नाव मला तेव्हाही माहीत होतं.