ऋणनिर्देशात नसलेले आप्पामामा

दुपारी डबा उघडत होते, तेवढ्यात मामेबहीण सुजाताचा फोन आला. “ताई, आप्पा गेलं...” एवढंच ती बोलू शकली. पुण्याहून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे मामांचा चेहरा नव्हता, माझ्याच प्रबंधाचं एक पान होतं. आज पाच आठवडे झाले, ते पान अजून हटत नाही.

आप्पामामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, शिरोली एमआयडीसीत पॅटर्न मेकर होते. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी वस्तूचा लाकडी पॅटर्न करतात आणि तो वाळूत दाबून साचा घेतात. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुद्दाम थोडा मोठा ठेवायचा. त्यासाठी मामांकडे वेगळी पट्टी असे. तिच्यावरचा सेंटिमीटर नेहमीच्यापेक्षा किंचित मोठा. शाळेत असताना ती मी भूमितीच्या तासाला नेली आणि माझ्या सगळ्या आकृत्या चुकल्या. मामा पोट धरून हसले. “खोटी न्हाय गं ती. लोखंडासाठी खरी हाय!”

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीधर नव्हतं. मी भौतिकशास्त्र घेते म्हटल्यावर ‘त्यानं काय हुतंय?’ असं सगळ्यांनी विचारलं. मामांनी वेगळंच विचारलं. “त्यात मापं असत्यात का? मग घे की.”

पुढे मी रेडिओ दुर्बिणींकडे वळले. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन डिश एकाच वेळी आकाशातल्या एकाच अतिदूरच्या स्रोताकडे रोखतात. त्याच्या लहरी एकीपाशी आधी पोहोचतात, दुसरीपाशी किंचित नंतर. त्या फरकावरून दोघींमधलं अंतर काही मिलिमीटरपर्यंत अचूक काढता येतं, आणि अशा अनेक जोड्यांवरून खंड किती सरकले, तेही कळतं. परदेशातल्या दुर्बिणींची मोजणी घेऊन मी पुण्यात गणितं करत होते. एका डिशखालची जमीन दर उन्हाळ्यात वर येते आणि हिवाळ्यात खाली जाते, असं मला दिसलं. सगळा प्रबंध त्यावरच उभा होता. सुट्टीत मोठ्या अभिमानानं मामांना सांगितलं. हातातला रंधा थांबवून ते म्हणाले, “डिश कशाची हाय?”

“पोलादाची. पाच-सहा मजली उंच.”

“मग जमीन कशाला हलतीया? डिशच उन्हात फुगत असंल की.”

परत येऊन तपासलं. उन्हानं डिश वाढते, त्याची दुरुस्ती या शास्त्रात सगळ्यांना ठाऊक असते. माझ्याच गणितात ती घालायची राहिली होती. ती घातल्यावर माझी हलणारी जमीन जवळजवळ स्थिर झाली... प्रबंध नव्यानं लिहावा लागला, पण परीक्षकांपुढची नाचक्की टळली.

ऋणनिर्देशात मार्गदर्शक, सहकारी, सगळ्यांची नावं आली. मामांचं मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि आपली चूक एका पॅटर्न मेकरनं काढली हे सांगायची मला लाज वाटली. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण कारखान्याच्या गेट पासमुळे स्वतःचं नाव त्या अक्षरांत ओळखता येई. मी नेलेल्या प्रतीत त्या पानावरून त्यांचं बोट ओळीओळीनं खाली गेलं, पुन्हा वर आलं. मग प्रत मिटून म्हणाले, “लई मोठी माणसं हायत की गं तुझ्याबरुबर.” आणि मामीला चहा टाकायला सांगितला. त्यानंतर चार वर्षं मला बोलायचं होतं... विषय मीच टाळत राहिले.

गेल्या आठवड्यात एका नव्या शोधनिबंधाच्या आभारात मी त्यांचं पूर्ण नाव घातलं, दत्तात्रय बाबूराव सुतार. सहकाऱ्यानं विचारलं, “हे कुठल्या संस्थेतले?”

“शिरोलीतले पॅटर्न मेकर. माझे मामा. माझी चूक त्यांनी काढली होती.”

तो “अरे वा” म्हणाला आणि त्यानं पान उलटलं. ज्याला मी इतकी वर्षं भ्याले, ते एवढंच होतं.

आभाराच्या पानाचा कागद घेऊन कोल्हापूरला गेले. मामी घरामागच्या शेडमध्ये होती, जिथं मामा स्वतःची कामं घेत. “मामी, हितं मामांचं नाव हाय,” मी म्हटलं. तिनं कागद हातात घेतला.

“आता कुणाला दावतीस?”

 टेबलावर मामांनी करायला घेतलेला पंपाचा पॅटर्न होता. एक अर्धा भाग घासूनपुसून तयार, दुसऱ्याच्या फळीवर नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं, मामी म्हणाली, दुसऱ्याकडनं पुरा करून घेतो म्हणत होतं. तिनं दिला नाही.