रखमाजी बोलला नाही

वडीगोद्रीच्या रखमाजी खरातचं पोट दुखायला लागलं त्याला दीड वर्ष झालं होतं. डॉक्टरकडे जाऊन उपयोग नव्हता. पोट दुखत होतं ते सोमेश्वरच्या विमानामुळे.

हायवेच्या कडेला तीस वर्षांपासून रखमाजीचं बॅटरीचं दुकान. अंबडपासून शहागडपर्यंत ज्याचा ट्रॅक्टर सकाळी चालू होत नाही, त्याच्या तोंडी पहिलं नाव याचं. ॲसिडनं बोटांची कातडी गेलेली, प्रत्येक पँटला मांडीवर भोकं. माणूस तिरसट, पण कामाला खरा. नवी बॅटरी घ्यायला आलेल्याला तो आधी ती उचलायला लावायचा. "जड लागली का? मंग घे. जड तीच खरी." जिच्यात शिसं जास्त ती जास्त टिकते, एवढं साधं त्याचं शास्त्र. आणखी एक खोड सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. मीटर लावल्यावर दोष निघाला तरच तो तोंड उघडायचा. दोष नसला की मीटर गुंडाळून चालू पडायचा. "रखमाजी बोलला न्हाई," असं ड्रायव्हर एकमेकांना सांगत आणि बिनघोर गाडी काढत.

सोमेश्वर त्याचा शाळेतला सोबती, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देणारा. दोघं एकाच बाकावर बसून, एकमेकांचं बघून गणितात नापास झालेले. या माणसानं शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या जोडल्या, पंखांवर कापड ताणलं, कुठून तरी जुनं इंजिन आणलं आणि एका माणसापुरतं विमान उभं केलं. उडवायची परवानगी आली नव्हती, कागद दिल्लीत फिरत होते. तूर्त मुरमाच्या पट्टीवर नुसतं पळवून बघायचं होतं. लोकांना तेवढंही पुरे होतं. अंबडचे मास्तर वर्गच्या वर्ग घेऊन येत. रखमाजीच्या दुकानापुढं चहाला थांबणारी माणसं आता तिकडं वळत. त्याची बायको कौसल्या, तीही बघून आली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, काय डोकं हाय सोमेश्वर भाऊजींचं!" रखमाजी अर्धी भाकर टाकून उठला.

सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. विमानाला बॅटरी लागते, गावात बॅटरीवाला एकच, तरी सोमेश्वर विचारायला आला नाही. आला तो एका शनिवारी, आणि मागितलं काय, तर तराजू!

"रखमा, भंगार बॅटऱ्या तोलायचा तुझा काटा दे जरा. सामानाची वजनं घ्यायची हायेत."

त्याच्या हातात एक काळी डबी होती. पुण्याच्या कुणा जाणकारानं फोनवर सुचवलेली लिथियमची बॅटरी. रखमाजीनं ती जोर लावून उचलली तर हात कपाळापर्यंत गेला.

"रिकामी हाय का रे ही?"

"भरलेली हाय. सव्वादोन किलो. विमानाला जड तीच खोटी, रखमा."

तीस वर्षांचं शास्त्र एका वाक्यात उताणं पडलं. "काटा नाजूक हाय, मीच आणून देतो," असं पुटपुटत रखमाजी त्याच्या मागोमाग शेडमध्ये गेला. काटा कसला नाजूक! विमान त्यानं अजून पाहिलंच नव्हतं. दीड वर्ष त्यानं मानही तिकडं वळू दिली नव्हती.

विमान देखणं होतं. हे फार वाईट झालं. वेडंवाकडं असतं तर रखमाजी पोटभर हसून परतला असता. पिवळं कापड कसं ढोलाच्या कातड्यासारखं ताणलेलं, एकेक बोल्ट तारेनं बांधलेला. सोम्याच्या हातांनी केलं हे? मग माझ्या हातांना काय झालं होतं?

सोमेश्वरनं एक जुनी मोटारसायकलची बॅटरी जोडून इंजिन चालू करून दाखवलं. रखमाजीनं सवयीनं मीटर लावला. चौदा व्होल्ट. साडेचौदा. इंजिनाचा आवाज चढला तसा काटा पंधराच्या पुढं गेला. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. चार्जिंगला लगाम घालणारा रेग्युलेटर कामातून गेलेला होता. शिशाची बॅटरी असलं चार दिवस सोसते, उकळते, पाणी मागते. काळ्या डबीवर मात्र बारीक अक्षरांत छापलं होतं की १४.६ च्या वर चार्जिंग नको. आणि तिची जागा ठरली होती सीटच्या मागं, पेट्रोलच्या टाकीपासून दोन वितींवर. पेटली तर पट्ट्यानं बांधलेला माणूस उतरणार कधी?

अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सोमेश्वर म्हणाला, "उद्या सकाळी पळवतो बघ. सगळं गाव येऊन राह्यलं."

रखमाजीनं मीटर गुंडाळला आणि चालू पडला.

घरी त्यानं स्वतःची समजूत घातली. मला विचारलं का त्यानं? पुण्याचा जाणकार आहे ना, त्याला पुसावं. डबी फुगेल, थोडा धूर निघेल, गाव हसेल. हसू दे एकदा. माणूस काही मरत नसतो एवढ्यानं. मरत नसतो हे त्यानं इतक्यांदा घोकलं की शेवटी त्याचं त्यालाच खरं वाटेना.

सकाळी कौसल्या नवी साडी नेसून तयार. "चला की लवकर. भाऊजी भेटले आत्ता. म्हणले, पुण्याचा जाणकार ऱ्हाऊ दे पुण्याला. काल रखमानं मीटर लावला आन् बोलला न्हाई, आता मला कशाचं भेव न्हाई."

रखमाजीच्या हातातली बशी तशीच राहिली. चप्पल न घालताच त्यानं मोटारसायकलला किक मारली.

शेडपुढं शंभरेक माणसं जमलेली. सोमेश्वर आत बसून पट्टा आवळत होता.

"उतर! आधी खाली उतर!" रखमाजी ओरडला. "रेग्युलेटर गेलाय तुझा. पंधराच्या वर मारून राह्यला. ही डबी पेटंल तुझ्या पाठीमागं!"

"काल तर तू बोलला न्हाईस."

सगळे ऐकत होते. मास्तर, ड्रायव्हर, मागून धापा टाकत आलेली कौसल्या. काल मीटर बिघडला होता असं सांगून सुटता आलं असतं.

"दिसलं होतं मला. मुद्दाम बोललो न्हाई. जळत होतो तुझ्यावर."

सोमेश्वर पट्टा सोडून खाली उतरला. सीटमागची काळी डबी सोडवून त्यानं रखमाजीच्या हातात ठेवली. मग म्हणाला, "मंग कोणती लावू, सांग."

रखमाजीनं आधी रेग्युलेटर बदलायला लावला. मग आडवी झाली तरी न सांडणारी, पाच किलोची सीलबंद शिशाची बॅटरी निवडली. सोमेश्वर कुरकुरला, "पावणेतीन किलो वाढले की रे." "तू भात कमी खा," रखमाजी म्हणाला. या प्रकरणाचा भुर्दंड त्याला पडलाच. आता त्याच्या गप्प बसण्यावर कुणी गाडी काढत नाही. "बराबर हाय का? तोंडानं सांगा," म्हणून ड्रायव्हर अडून बसतात, आणि त्याला सांगावं लागतं.

पंधरा दिवसांनी विमान मुरमावरून धावलं. चाकं हातभर वर उठली आणि पुन्हा टेकली. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

"तुमची बॅटरी हाय त्याच्यात," कौसल्या हळूच म्हणाली.

रखमाजीनं मान हलवली. बॅटरी हातभर का होईना, वर जाऊन आली होती, आणि तो मुरमावरच उभा होता. तीस वर्षांत हजारो बॅटऱ्या हाताखालून गेल्या, पण बॅटरीचा हेवा त्याला आज पहिल्यांदा वाटला.