मार्जरीबाईचा चेहरा

एनिड गॅरडच्या स्वयंपाकाला गावात नावं ठेवत, पण पितळेच्या बाबतीत ब्र काढायची कुणाची छाती नव्हती. विकमेअरच्या सहाशे वर्षांच्या चर्चमधलं सगळं पितळ साफ करायचं काम तिच्याकडे होतं. त्यात तिची लाडकी मार्जरीबाई. लोकरीच्या व्यापाऱ्याची ही बायको चर्चच्या फरशीखाली पुरलेली, आणि वर पितळी पत्र्यावर कोरलेली. हात जोडलेले, पायाशी कुत्रं.

सासूने, म्हणजे एडा गॅरडने, काम सोपवताना बजावलं होतं, "हिला नुसता कोरडा फडका. पॉलिश लावलंस तर याद राख."

पण सासूचं ऐकेल ती एनिड कसली! एडाला मातीआड करून आठवडा झाला नाही, तोच तिने पॉलिशचा डबा उघडला. मग दर शनिवारी, एकतीस वर्षं, गुडघे टेकून घासघास घासलं. लोक म्हणत, "एनिड, तुझ्या मार्जरीत बघून टोपी नीट करावी बघ." ती फुलून जायची.

मग एक दिवस जुन्या पत्र्यांच्या जाणकार मिस लोमॅक्स आल्या. या पत्र्यावर कागद ठेवून, वरून काळं मेण घासून कुणीतरी सत्तर वर्षांपूर्वी ठसा घेतला होता, तो त्यांनी शेजारी पसरला. ठशातल्या बाईला डोळे होते, ओठ होते, हनुवटीवर खळी होती. कुत्र्याच्या गळ्यात घुंगरं होती. आणि पत्र्यावर? नुसती गुळगुळीत चकाकी.

"एवढं घासलं कुणी?" मिस लोमॅक्सनी विचारलं.

एनिडने हातातला फडका पाठीमागे नेला. "सासूबाईंना फार हौस होती," ती म्हणाली.

"जुनी माणसं. त्यांना कोण सांगणार?" गावात नवीनच आलेले चर्चचे पाळक हसून म्हणाले.

महिन्याभरात तिथे चौकटीत पाटी लागली: श्रीमती एडा गॅरड यांच्या पॉलिशमुळे चेहरा झिजला आहे. पाटीची काच पुसायचं कामही एनिडचंच. येणारेजाणारे पाटी वाचून हसायचे, "काय बाई होती!" आणि ती बाई बाहेर, भिंतीपलीकडेच पुरलेली. एनिडला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तीन शनिवार तिने कसेबसे काढले.

चौथ्या शनिवारी ती पाळकांच्या दारात उभी राहिली. "ते मी घासलंय. सासूबाईंनी तर मला बजावलं होतं. मी खोटं बोलले."

पाळक अवघडले. "जाऊ द्या हो, एनिडबाई. एडाबाई थोड्याच तक्रार घेऊन येणार आहेत?"

"नाही येणार. म्हणूनच मी आलेय."

पाटीवर आता एनिडचं नाव आहे. हसणारे अजूनही हसतात, तिच्या देखतच. ती दर शनिवारी येते, कोरडा फडका घेऊन. पत्र्यावर वाकली, की मार्जरीबाईच्या चेहऱ्याच्या जागी तिला स्वतःचाच चेहरा दिसतो.